ब्लॉगच्या माथ्यावर मामी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्याकडे वेचणीला जोर येतो. अकोल्याहून दर्यापूरकडे जाणाऱ्या एसटीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पांढरंच पांढरं दिसायला लागतं. शेतात उतरलं की पायाला दव लागतं, बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात, आणि कमरेच्या ओटीत कापूस भरत गेला की पोटाशी एक ऊब तयार होते, मांडीवर मांजर येऊन बसल्यासारखी. गेल्या रविवारी मामाच्या गावाला जाऊन आले. घरी आल्यावर केसांतला कापूस काढत काढत लॅपटॉप उघडला आणि ब्लॉगचं टेम्प्लेट बदलायला बसले.

कॉलेजातले सहकारी विचारतात, मॅडम, अजून ब्लॉग लिहिता तुम्ही? विचारण्याचा सूर असा, की अजून चुलीवर स्वयंपाक करता का. हो, लिहिते. आणि लिहिण्याइतकंच मला तो सजवायला आवडतं. कुणी सुट्टीच्या दिवशी कपाट लावतं, कुणी कुंड्यांची जागा बदलतं. मी समास थोडा आत घेते, दोन ओळींमधली जागा वाढवते. देवनागरीला जागा लागते. वर वेलांटी, खाली उकार, दोघांनाही मोकळा श्वास पाहिजे. इंग्रजीच्या मापानं बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये आपली अक्षरं शेअर रिक्षात बसल्यासारखी अंग चोरून बसतात. ती नीट ऐसपैस बसली की मला जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही. या छंदाचा कुणाला उपयोग नाही, म्हणूनच तो माझा आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, कारण खरं आहे. आईच्या घरी अक्षर नव्हतं, बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. माझं पूर्ण नाव पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत छापलं गेलं ते पदवीच्या कागदावर. पण तो कागद विद्यापीठानं छापला होता. ब्लॉगवर नाव मी स्वतः छापलं, मला पाहिजे त्या आकारात, आणि कुणाची सही लागली नाही.

तेव्हा मी अकोल्यात खोली घेऊन राहायची, एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. ब्लॉग सुरू केला तो सलीमभाईंच्या सायबर कॅफेत. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणाला पडदा, कीबोर्डवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की सलीमभाई मागच्या गल्लीत जाऊन जनरेटर सुरू करत आणि सगळ्या कॅफेत रॉकेलचा वास भरून जाई. अर्धं लिहिलेलं उडून जाऊ नये म्हणून मी दर परिच्छेदाला सेव्ह करायची. ती सवय अजून गेलेली नाही. वर्गात फळ्यावर लिहितानाही दोन ओळी झाल्या की हात थबकतो. पहिल्या दिवशी माझं मराठी त्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसलं. सलीमभाईंनी कुठूनशी सीडी आणून काहीतरी बसवलं आणि चौकोनांची अक्षरं झाली. ते घरी उर्दू बोलायचे, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि कॉम्प्युटरला शिव्या दोन्हींत.

ब्लॉगचं नाव ठेवलं ‘खारं पाणी’. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजता शिजत नाही, नव्या सुनेचं तोंड पहिले काही महिने वाकडं. म्हणून ते नाव. पुण्यामुंबईच्या वाचकांनी त्याचे अश्रू केले. मी खुलासा केला नाही, कारण वाचक वाढत होते.

पहिलं टेम्प्लेट मी स्वतः निवडलं होतं, संत्र्याच्या रंगाचं. माऊस फिरवला की मागे चांदण्यांची शेपटी यायची. एका कोपऱ्यात किती लोक आले ते मोजणारं यंत्र, दुसऱ्या कोपऱ्यात अकोल्याचं तापमान. तापमान मे महिन्यात सगळ्यांत जास्त वाचलं जायचं. आज ते रूप आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी ते कुणालाही अभिमानानं दाखवलं असतं. लिहायची काय, तर गिला वड्याबरोबरच्या कढीबद्दल, कापूस भरलेल्या खोलीत उड्या मारल्यावर अंगाला सुटणाऱ्या खाजेबद्दल, आमच्या आत्याच्या भांडणांबद्दल.

आणि मामा-मामींबद्दल. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. थोडी जमीन, एक बैलजोडी, आणि तोंडाला लगाम नाही. मामी त्याच्याहून वरचढ. ही दोघं एकमेकांना टोमणे मारत जगतात; ज्या दिवशी घरात शांतता असेल त्या दिवशी शेजारी येऊन विचारतात, तब्येत बरी नाही काय.

एका वेचणीला मी मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन गावाला गेले आणि मामीचा फोटो काढला. मामी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, कमरेइतकी बुडालेली, ओटी फुगलेली, मान वळवून माझ्याकडे पाहते आहे. अंगात लुगड्यावरून मामाचा फुलबाह्यांचा शर्ट. आमच्याकडे वेचणाऱ्या सगळ्याच बाया असा शर्ट घालतात, हातांना ओरखडे येऊ नयेत म्हणून. शर्टाच्या खाली बांगड्या, मंगळसूत्र सगळं झाकलेलं. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू. ती काहीतरी बोलणार होती. बहुतेक, लवकर काढ नाहीतर मजुरी दे, असं.

तो फोटो ब्लॉगवर टाकल्यावर पुण्याच्या एका वाचकाचा मेल आला. वेबसाइटींचं डिझाइन करणारा मुलगा होता. तुमचं लिखाण चांगलं आहे पण मांडणी बघवत नाही, हौस म्हणून मी करून देतो, असं त्यानं लिहिलं. बघवत नाही हा शब्द लागला, पण मी हो म्हटलं. त्यानं आठवड्याभरात नवं रूप दिलं. काळी पार्श्वभूमी, राखाडी अक्षरं, बाजूला काही नाही. आणि माथ्यावर, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मामीचा तो फोटो. काळापांढरा केलेला.

मला आवडलं. लपवायचं काय? सुंदरच होतं. कापूस चांदीसारखा चमकत होता आणि मामीचे डोळे थेट आत उतरत होते. सलीमभाईंनीही खुर्चीमागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, ये तो फिलम लग रही. मी त्या दिवशी कॅफेतल्या ओळखीच्या सगळ्यांना चहा पाजला.

मग प्रतिक्रिया यायला लागल्या. एवढ्या कधी आल्या नव्हत्या. पहिल्या काही वाचून मला समजलंच नाही, लोक कशाबद्दल बोलत आहेत. शब्द सुचत नाहीत. आपण शहरातली माणसं गुन्हेगार आहोत. या माउलीच्या डोळ्यांत सगळं आहे. एकानं तर मामीच्या अंगातल्या शर्टावर कविता केली होती: तो गेला, त्याचा सदरा मागे राहिला, ती तो घालून त्याचंच शेत वेचते आहे. कविता वाईट नव्हती. मी पुन्हा वर जाऊन फोटो पाहिला, आणि पहिल्यांदा परक्याच्या नजरेनं पाहिला. मामीचा रंग सावळा. रंग काढून घेतल्यावर कुंकू कपाळात विरघळून गेलं होतं. गळ्यात काही दिसत नाही, हातांत काही दिसत नाही, अंगात पुरुषाचा शर्ट.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव बाहेर एकाच कारणानं घेतलं जायचं: शेतकऱ्यांच्या आत्महत्या. पाहणी करायला गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. मेलेली माणसं खोटी नव्हती. मामाच्याच गावात अशी दोन घरं होती आणि त्या घरांवरून जाताना आम्ही आवाज खाली करत होतो. पण त्या दोन घरांच्या आजूबाजूला बाकीचं गाव होतं, तिथे लग्नं ठरत होती, दुधात पाणी घातलं जात होतं, मामा-मामी भांडत होती. ते बाहेर कुणाला दिसत नव्हतं. मी ब्लॉग लिहीत होते ते तेच दिसावं म्हणून, आणि आता माझ्याच ब्लॉगच्या माथ्यावर, मी चहा पाजून साजरं केलेल्या रूपात, मामा मेला होता.

मी त्या पुण्याच्या मुलाला फोन केला, फोटोला रंग परत दे आणि मामा जिवंत आहे असं खाली टाक म्हणाले. तो नम्र होता. म्हणाला, मूळ फोटो रंगीत आहे हे मला माहीत आहे, पण रंगानं मूड जाईल, आणि खुलासा टाकला तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. वर सांगितलं, मुंबईच्या एका पत्रकाराला ब्लॉगवर लिहायचं आहे, या बाईंना भेटायचं आहे, चार दिवस थांबा. मी थांबले नसते. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षेचं काम होतं, आणि त्याच दिवशी गावात ते घडलं.

मामीचं माहेर अचलपूरकडचं. तिच्या भावाचा मुलगा पुण्यात शिकायला होता. त्याच्या खोलीतल्या मित्रानं कॉम्प्युटरवर हा ब्लॉग दाखवला. पोरानं आत्या ओळखली, खालचं सगळं वाचलं आणि रडत बापाला फोन केला. आता कुणी म्हणेल, बापानं लगेच मामाच्या घरी फोन लावून विचारायचं. तसं आमच्याकडे करत नाहीत. असली बातमी फोनवर विचारायची नसते. समोरच्याच्या तोंडून ती वदवून घेणं वाईट समजतात. बातमी कानावर आली की माणसं निघतात. त्यांनी जीप सांगितली आणि म्हातारी, सुना, भाऊबंद असे सगळे खच्चून बसून निघाले.

पुढचं मला आईनं, मामीनं आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं आहे. सगळ्यांचं जुळतं ते एवढं. जीप गावाच्या वळणावर आली आणि आतल्या बायांनी हंबरडा फोडला. मामा अंगणात खाटेवर बसून दाढी करत होता. रडण्याचा आवाज ऐकून, गावात कोण गेलं ते पाहायला, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो रस्त्यावर आला. मामी शेतात होती. तिनं माहेरची माणसं भरलेली जीप रस्त्यानं जाताना पाहिली, आतलं रडणं ऐकलं, आणि आपली आई गेली असं समजून ओटीतला कापूस सांडत बांधावरून धावत सुटली. तिची आई जीपमध्येच होती, जावयाच्या नावानं रडत. घरासमोर मामी आईच्या गळ्यात पडली, आई मामीच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींचं सांत्वन करत राहिल्या. मामा बाजूला उभा राहून विचारत होता, कोन गेलं बे, कोनी सांगान का नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग साळ्यानं मान वर केली आणि तो आवाज कुणाचा हे त्याच्या लक्षात आलं.

हसून हसून लोक जमिनीवर बसले म्हणतात. आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून रोडगे लावले, वांग्याची भाजी केली, अर्धं गाव जेवलं. सासूनं जावयाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला तेव्हा साबण वाळून पापुद्रा झाला होता. हा प्रसंग आमच्याकडे अजून लग्नाकार्यात सांगितला जातो आणि दर वेळी जीपमधली माणसं वाढतात.

पण जेवणं झाल्यावर, जीप परत गेल्यावर, मामा हसला नाही. आई त्या दिवशी तिथे जाऊन पोचली होती, तिला तो म्हणाला, "एवढे लोक आले अक्का. एकालेबी असं नाही वाटलं, का हा मानूस असं करनार नाही."

हे आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी परीक्षेचे पेपर बांधत होते. त्या वाक्यानंतर माझ्यासाठी पुण्याचा मूड, मुंबईचा पत्रकार सगळं संपलं. मामाला ज्याचं दुःख होतं ते बातमी खोटी असण्याचं नव्हतं. ती इतक्या सहज खरी वाटली, याचं होतं. सख्ख्या साळ्याला वाटली. आयुष्यभर ज्याला चेष्टेखोर म्हणून ओळखलं त्याच्याबद्दल जीप सांगायला त्यांनी घटकाभरही विचार केला नाही. पेपरांतून, टीव्हीतून एवढं येऊन राहिलं होतं, की आमचीच माणसं आमच्याकडे त्या नजरेनं पाहायला लागली होती. आणि त्यात माझ्या सुंदर टेम्प्लेटनं हातभार लावला होता.

दोनच दिवसांनी मामा-मामी अकोल्याला आले. मी बोलावलं नव्हतं. एसटीतून उतरून थेट माझ्या कॉलेजच्या फाटकावर. मामीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि मामानं तोच शर्ट घातला होता. मुद्दाम. मी त्यांना सलीमभाईंकडे घेऊन गेले. सलीमभाईंना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी एका खणात दोन खुर्च्या जास्तीच्या लावल्या आणि पडदा बाजूला केला.

पान उघडलं. मामीनं स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आपल्या कपाळावर बोट टेकवलं.

"कुकू कुठी गेलं?"

मी सांगितलं की रंग काढला म्हणून गेलं, काळापांढरा फोटो जास्त चांगला दिसतो, ती एक कला आहे. अजून मी कलेचीच बाजू घेत होते. शिकलेल्या माणसाला ती खोड असतेच.

मामी म्हणाली, "तुह्या कलेले माहाच नवरा भेटला काय वं?"

सलीमभाई खोकल्यासारखं करून बाहेर गेले. मामाला हसू आलं, आणि तो हसला तेव्हा माझा जीव खाली पडला. मग त्यानं ती कविता वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. आपल्या शर्टावर कुणी कविता करावी हे त्याला फार आवडलं. तो म्हणाला, लग्नातल्या कोटावर कोणी केली नाही, अन् या फाटक्यावर केली.

मी पुन्हा पुण्याला फोन लावायला निघाले, तर सलीमभाईंनी अडवलं. म्हणाले, "मॅडम, उसको कायको पूछते? चाबी तुमच्याच हातात हाय." खरं होतं. त्या मुलानं दिलेला सगळा कोड माझ्याकडे होता. मी तो कधी उघडून पाहिला नव्हता, कारण बिघडेल अशी भीती. पदवी घेतलेली बाई, आणि स्वतःच्या पानाचा रंग बदलायला परवानगी मागत होते. त्या दुपारी मी तो कोड उघडला. कुठला आकडा काळा, कुठला पांढरा हे चुकत चुकत शोधलं. एकदा सगळं पान हिरवं झालं, एकदा अक्षरंच दिसेनाशी झाली. मामा दर वेळी म्हणायचा, झालं, आता ब्लॉगबी मेला. वीज गेली, जनरेटर लागला, पुन्हा सुरुवात केली. शेवटी काळं जाऊन मागे ज्वारीच्या भाकरीसारखा रंग आला. माथ्यावर नवा फोटो टाकला, तिथेच कॅफेच्या वेबकॅमनं काढलेला: दोघं खुर्च्यांवर, मामी पदर सावरून, मामा त्या शर्टात, मागे प्लायवूड आणि कुणाचा तरी अर्धा पडदा. छायाप्रकाश वाईट. कुंकू मात्र लालभडक.

डिझाइन म्हणून ते भयंकर होतं. मला ते माहीत होतं, आणि मी सेव्हचं बटण दाबलं. तेव्हापासून मला टेम्प्लेटची भीती वाटत नाही. आज मी जी काही मांडणी करते, तिचा आत्मविश्वास त्या भयंकर पानातून आलेला आहे.

मग ज्यांनी ज्यांनी शोक केला होता, त्या प्रत्येकाला मी कळवलं की मामा आहेत. बहुतेकांनी मोकळेपणानं आनंद कळवला. कवीनं माफी मागितली, मामानं कविता ठेवायला सांगितली. पत्रकाराचा मेल पुन्हा आला नाही. एका वाचकानं मात्र लिहिलं, की आनंद झाला हे खरं, पण नव्या रूपात ब्लॉगचा परिणाम उणावला आहे. आधीच्या फोटोत वऱ्हाडचं सत्य होतं.

हे मी पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा मामाला सांगितलं. आम्ही शेतात होतो, दुसरी वेचणी चालू होती. मामी कपाशीच्या दोन ओळी पुढे होती, अंगात तोच शर्ट. मामानं हातातला कापूस तिच्या ओटीत नेऊन टाकला, परत आला, आणि म्हणाला की त्या माणसाला माझ्याकडून उत्तर लिही. मी म्हटलं सांग. त्यानं सांगितलं तसं, एक अक्षर न बदलता, अकोल्याला येऊन मी ते ‘मामा’ या नावानं त्या कॉमेंटखाली टाकलं:

"मी हाव. शर्ट माहा हाय, तिनं न विचारता घातला. वेचणी चालू हाय. ज्याले रडाचं असन त्यानं दोन हात घेऊन यावं, भाकर आमच्याकडून."

कुणी आलं नाही. वेचणी घरच्यांनीच उरकली.

त्यानंतर मी ब्लॉगची किती रूपं बदलली याचा हिशोब ठेवलेला नाही. मधली काही सुंदर होती. मामा-मामी आता थकलेत, पण तोंडं थकलेली नाहीत. गेल्या रविवारीही, वेचणाऱ्या बाया मिळत नाहीत यावरून, दोघांची जुंपली होती, मी मधे बसून दोघांच्या वाट्याच्या शेंगा खाल्ल्या.

आज जे टेम्प्लेट लावायला घेतलं आहे, ते मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी केलेलं आहे. अक्षरं ऐसपैस, समास नेटका, काना-मात्रा कुठे कापली जात नाही. त्यात एक सोय दिली आहे: खालच्या जुन्या कॉमेंट आपोआप झाकल्या जातात, ज्याला पाहायच्या असतील त्यानं बटण दाबायचं. पान त्यामुळे स्वच्छ दिसतं, हे मी मान्य करते. दोन्ही प्रकारे लावून पाहिलं, खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिलं. मग ती सोय बंद केली. माझ्या पानावर आलेल्या माणसाला, मामा आहे की नाही हे कळण्यासाठी बटण दाबावं लागू नये.